स्पेनमध्ये कोण कुणाशी लढत होतं?

3 मे 1937, सोमवारची दुपार. बार्सिलोनाच्या मध्यवर्ती चौकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पोलीस शिरले आणि वरच्या मजल्यावरून त्यांच्यावर गोळ्या सुटल्या. संध्याकाळपर्यंत शहरभर रस्त्यातले दगड उपसून मोर्चे बांधले गेले होते. पुढचे चार-पाच दिवस बार्सिलोनात माणसं मरत राहिली, शेकड्यांनी. गोळ्या झाडणारे दोन्हीकडचे लोक सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोचे शत्रू होते. दोघांचे प्रतिनिधी एकाच मंत्रिमंडळात बसत होते. फ्रँकोचं सैन्य तिथून लांब, आरागॉनच्या आघाडीवर होतं.

स्पेनचं यादवी युद्ध आपल्याला बहुतेकदा एका वाक्यात सांगितलं जातं: एकीकडे लोकशाही, दुसरीकडे फॅसिझम. किंवा एकीकडे स्टॅलिन, दुसरीकडे हिटलर. टेलिफोन एक्स्चेंजमधली ती दुपार या दोन्ही वाक्यांत बसत नाही. ती समजली की हे युद्ध समजायला लागतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

मराठीत अशा युद्धाला आपण यादवी म्हणतो. द्वारकेच्या यादवांनी समुद्रकाठी एकमेकांना मारून कुळ संपवलं, त्यावरून आलेला शब्द. पण त्या कथेत यादवांना बाहेरून शस्त्रं आणून देणारं कुणी नव्हतं. स्पेनमध्ये होतं, आणि ही शस्त्रं कुणाच्या हातात पडली यावरून दोन गोष्टी ठरल्या. युद्ध कोण जिंकणार, ही एक. त्याआधी प्रत्येक बाजूच्या आत कुणाचा शब्द चालणार, ही दुसरी. दुसरीकडे आपलं लक्ष कमी जातं.

बंड अर्धंच फसलं

14 एप्रिल 1931 ला स्पेन प्रजासत्ताक झालं आणि राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला. नव्या सरकारपुढे कित्येक पिढ्यांचं थकलेलं काम होतं. दक्षिणेत आंदालुसिया आणि एक्स्त्रेमादुरामध्ये मैलोन्‌मैल पसरलेल्या जहागिरी होत्या आणि त्यांवर राबणाऱ्या भूमिहीन मजुरांना वर्षातले कित्येक महिने कामच मिळत नसे. शिक्षणावर चर्चची पकड होती. सैन्यात अधिकाऱ्यांची खोगीरभरती होती. कॅटलोनिया आणि बास्क प्रांत यांना स्वतःची भाषा होती, स्वतःचे कारखाने होते आणि माद्रिदबद्दल जुना राग होता. सरकारने चर्च आणि राज्य वेगळं केलं, स्त्रियांना मताधिकार दिला, 1932 मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला आणि कॅटलोनियाला स्वायत्तता दिली. जमीनदार, बिशप आणि सेनाधिकारी दुखावले. मजुरांना मात्र जमीन इतक्या सावकाश मिळत होती की तेही चिडले.

1933 मध्ये उजवे पक्ष जिंकले. 1934 च्या ऑक्टोबरमध्ये आस्तुरियासच्या खाणकामगारांनी उठाव केला, तो आफ्रिकेतलं सैन्य आणून चिरडण्यात आला. त्या मोहिमेची सूत्रं माद्रिदमधून हलवणारा सेनानी फ्रँकोच होता. फेब्रुवारी 1936 मध्ये डाव्या आणि उदारमतवादी पक्षांची जनआघाडी निवडून आली. मतांतला फरक अगदी थोडा होता, जागांतला मोठा.

जुलैमध्ये सैन्याने बंड केलं. 17 तारखेला स्पॅनिश मोरोक्कोतल्या मेलियामध्ये ठिणगी पडली, दुसऱ्या दिवशी ती मुख्य भूमीवर पोचली. आराखडा जनरल एमिलियो मोलाचा होता. प्रमुख म्हणून पोर्तुगालमध्ये परागंदा असलेल्या जनरल सानहुर्होचं नाव ठरलं होतं. काही दिवसांत सत्ता हातात येईल, असा त्यांचा हिशोब होता. पण माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सिया इथे कामगार संघटनांनी आणि इमान राखलेल्या पोलीस-सैनिकांनी बंड मोडून काढलं. सेविया, सारागोसा, बुर्गोस बंडखोरांकडे गेले. आरमारात तर खलाशांनीच आपल्या बंडखोर अधिकाऱ्यांना ताब्यात घेतलं. बंड पुरतं यशस्वी झालं असतं, तर तो आणखी एक लष्करी सत्तापालट ठरला असता. पुरतं फसलं असतं, तर काही खटले चालले असते. ते अर्धंच फसलं, म्हणून युद्ध झालं.

आधी युद्ध की आधी क्रांती?

सरकारच्या बाजूने लढणारे कोण होते, हे जरा सावकाश बघायला हवं, कारण गुंता इथेच आहे.

सगळ्यात वेगळे होते अराज्यवादी. त्यांची कामगार संघटना सीएनटी 1910 मध्ये स्थापन झाली होती आणि बार्सिलोनाच्या गिरण्यांपासून आंदालुसियाच्या शेतमजुरांपर्यंत तिचे लाखो सभासद होते. युरोपात दुसरीकडे कुठेच अराज्यवाद एवढा रुजला नव्हता. अराज्य म्हणजे गोंधळ, असा त्यांचा अर्थ नव्हता. वरून हुकूम देणारं सरकार नको, कामगारांनी आणि गावांनी आपला कारभार आपणच करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. जुलै 1936 मध्ये बार्सिलोनात बंड मोडण्यात तेच पुढे होते, त्यामुळे शहर जवळपास त्यांच्या हातात आलं. ट्राम, कारखाने, हॉटेलं कामगार समित्या चालवू लागल्या. आरागॉनमध्ये गावंच्या गावं सामुदायिक शेतीकडे वळली, काही ठिकाणी पैसाच बाद केला. टेलिफोन एक्स्चेंजही याच काळात त्यांच्या ताब्यात आलं होतं.

मग नोव्हेंबर 1936 मध्ये फ्रँकोचं सैन्य माद्रिदच्या वेशीवर आलं आणि सीएनटीचे चार जण केंद्र सरकारात मंत्री झाले. फेदेरिका मोंतसेनी ही त्यांतली एक. सरकार नावाची गोष्टच नसावी, असं जन्मभर सांगत आलेली ही बाई आरोग्यमंत्री झाली, स्पेनमधली पहिली स्त्री मंत्री. या एका निर्णयात मला त्या युद्धाची सगळी ओढाताण दिसते. तत्त्व सांभाळावं तर युद्ध हरायची भीती, युद्ध सांभाळावं तर ज्यासाठी लढतोय तेच हातातून जायचं.

अराज्यवाद्यांच्या जवळचा, पण मार्क्सवादी असलेला एक लहान पक्ष होता, पोऊम. नेता आंद्रेउ निन, जो स्टॅलिनचा कडवा टीकाकार होता. पोऊमचं म्हणणं साधं होतं: युद्ध आणि क्रांती वेगळी करता येणार नाहीत. भूमिहीन मजुराने जीव द्यायचा तो जमीन मिळेल म्हणून. ती मिळणार नसेल तर तो कशाला लढेल?

आता कम्युनिस्ट. इथे वाचक हमखास अडखळतो, मीही अडखळलो होतो. कम्युनिस्ट म्हणजे सगळ्यात जहाल, असं आपण धरून चालतो. स्पेनमध्ये उलट होतं. आधी युद्ध जिंका, क्रांतीचं नंतर बघू, ही भूमिका त्यांची होती. लहान शेतकऱ्याची जमीन आणि दुकानदाराचं दुकान हिसकावू नका, मनमानी तुकड्या मोडून एक शिस्तबद्ध सैन्य उभारा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे सामुदायिकीकरणाला घाबरलेला मध्यमवर्ग त्यांच्याकडे वळला. या भूमिकेचं मूळ मॉस्कोत होतं. जर्मनीच्या भीतीने स्टॅलिनला तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्सशी जवळीक हवी होती. भूमध्य समुद्राकाठी लाल क्रांती झाली असती तर हे दोन्ही देश बिथरले असते. डिसेंबर 1936 मध्ये त्याने स्पेनचा समाजवादी पंतप्रधान लार्गो काबायेरो याला पत्र लिहिलं, त्यातही सल्ला हाच होता: छोट्या मालमत्तेला धक्का लावू नका, मध्यमवर्गाला जवळ करा.

समाजवाद्यांत दोन गट होते, काबायेरोचा जहाल आणि इंदालेसियो प्रिएतोचा मवाळ. राष्ट्राध्यक्ष मान्युएल असान्या उदारमतवादी होता. आणि बास्क? ते कट्टर कॅथलिक, त्यांच्या गावांत चर्च शाबूत, तरीही ते प्रजासत्ताकाकडून लढले, कारण स्वायत्तता तिथेच मिळणार होती.

हे सगळे एकाच झेंड्याखाली उभे होते.

चर्चबद्दल एक गोष्ट टाळून चालणार नाही. बंडानंतर प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सरकारचा अंमलच कोसळला आणि पहिल्या काही महिन्यांत पाद्री, साधू, जोगिणी मिळून जवळपास 7 हजार धर्मसेवकांची हत्या झाली. या प्रदेशात एकूण सुमारे 50 हजार माणसं आघाडीबाहेर मारली गेली. फ्रँकोच्या प्रदेशात हा आकडा 1 लाखाच्या पुढे जातो. तिथल्या हत्यांना वरून संमती होती आणि युद्ध संपल्यावरही त्या चालूच राहिल्या. कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला ऑगस्ट 1936 मध्ये ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या, तो यांतलाच एक. दोन्हीकडे रक्त सांडलं हे खरं, पण म्हणून दोन्ही सारखेच होते असं म्हणणं मला पटत नाही.

वीस विमानं आणि एक नेता

बंडखोरांची बाजूही एकजिनसी नव्हती. नाव्हाराचे कार्लिस्ट राजघराण्याच्या एका शाखेसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले होते, आल्फोन्सोचे समर्थक दुसऱ्या शाखेसाठी. फालांहे हा फॅसिस्ट पक्ष 1936 च्या निवडणुकीत एक टक्काही मतं मिळवू शकला नव्हता. मोठे कॅथलिक जमीनदार होते, बिशप होते, सेनाधिकारी होते. राजा हवा की नको, हवा तर कोणता, यावरही त्यांचं एकमत नव्हतं.

यात फ्रँको पुढे कसा आला? 20 जुलैला सानहुर्हो विमान अपघातात मेला. उत्तरेत मोलाकडे सैन्य होतं, पण दारूगोळा संपत चालला होता. फ्रँकोकडे मोरोक्कोतलं सगळ्यात कसलेलं सैन्य होतं, पण ते समुद्रापलीकडे अडकलं होतं, कारण जिब्राल्टरची सामुद्रधुनी प्रजासत्ताकाच्या खलाशांनी रोखून धरली होती. दोघांनीही बर्लिनला माणसं पाठवली. मोलाची माणसं हिटलरपर्यंत पोचली नाहीत, फ्रँकोची पोचली. त्याने मोरोक्कोत धंदा करणाऱ्या नाझी पक्षाच्या एका जर्मन व्यापाऱ्याला हाताशी धरलं होतं. 25 जुलैच्या रात्री हिटलर बायरॉइटच्या संगीत महोत्सवात होता. तिथेच त्याने होकार दिला आणि मदत फ्रँकोलाच द्यायची असंही सांगितलं. वीस युंकर्स वाहतूक विमानं निघाली. ऑक्टोबरपर्यंत त्यांनी 13 हजारांहून अधिक सैनिक समुद्रावरून उचलून आणले. सैन्याची एवढी मोठी हवाई वाहतूक तोवर जगात झालेली नव्हती.

ज्याच्या हाती ससा तो पारधी. 1 ऑक्टोबर 1936 ला बुर्गोसमध्ये फ्रँको सर्वोच्च सेनापती आणि राष्ट्रप्रमुख झाला. एप्रिल 1937 मध्ये त्याने हुकूम काढून फालांहे आणि कार्लिस्ट यांना एका पक्षात कोंबलं आणि स्वतः त्याचा प्रमुख झाला. फालांहेच्या म्होरक्याने विरोध केला, तो तुरुंगात गेला. जूनमध्ये मोलाही विमान अपघातात मेला. उजव्या बाजूचं आतलं भांडण तिथेच मिटलं. त्याच वसंतात डावी बाजू बार्सिलोनाच्या रस्त्यांवर आपसात लढत होती.

पुढे हिटलरने काँडोर लिजन नावाचं हवाई दल पाठवलं. त्याला स्पेनचं लोखंड आणि इतर खनिजं हवी होती, फ्रान्सच्या पाठीशी एक मित्र हवा होता आणि नवी विमानं खऱ्या युद्धात तपासून बघायची होती. 26 एप्रिल 1937 ला याच दलाने, इटलीच्या विमानांना सोबत घेऊन, बाजाराच्या दिवशी बास्कांच्या गेर्निका शहरावर तीन तास बॉम्ब टाकले. फ्रँकोच्या प्रचारकांनी सांगितलं, शहर बास्कांनीच जाळलं. पिकासोचं भिंतभर चित्र त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. मुसोलिनीने तर 70 हजारांहून जास्त सैनिक पाठवले. फ्रँकोकडून लढलेले मोरोक्कन सैनिकही तेवढेच होते. गरिबीने भरती झालेली ही मुसलमान पोरं कॅथलिक धर्मयुद्ध म्हणवणाऱ्या लढाईत मारली गेली. मोरोक्कोला स्वातंत्र्याचं वचन देऊन प्रजासत्ताक त्यांना आपल्याकडे ओढू शकलं असतं, पण मोरोक्कोचा मोठा भाग फ्रान्सच्या ताब्यात होता आणि फ्रान्सला दुखवायची तयारी नव्हती. वसाहतीत जन्मलेल्या आपल्यासारख्यांच्या पूर्वजांना ही चूक लगेच कळली असती.

सोनं गेलं, बंदुका आल्या

प्रजासत्ताकाकडे पैसा होता. स्पेनचा सोन्याचा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक होता. नव्हतं ते शस्त्र विकायला तयार असलेलं दुकान.

ऑगस्ट 1936 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सच्या पुढाकाराने अहस्तक्षेप करार झाला. स्पेनच्या कुठल्याच बाजूला शस्त्रं द्यायची नाहीत, असं 27 देशांनी मान्य केलं. त्यांत जर्मनी, इटली आणि सोव्हिएत संघ हे तिन्ही होते. फ्रान्सचा समाजवादी पंतप्रधान लेओं ब्लूम मनाने प्रजासत्ताकाचा होता, पण त्याचा देश दुभंगलेला होता आणि ब्रिटनशिवाय पाऊल टाकायची त्याला हिंमत नव्हती. ब्रिटनला दुसरं महायुद्ध नको होतं, आणि स्पेनच्या खाणींत ब्रिटिश भांडवल होतं. परिणाम असा झाला की निवडून आलेल्या सरकारला शस्त्रं मिळेनात आणि बंडखोरांना ती मिळत राहिली. 1937 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर नाविक गस्त सुरू झाली, तेव्हा प्रजासत्ताकाचा भूमध्य किनारा कुणाकडे सोपवला? जर्मनी आणि इटलीकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अमेरिकेने शस्त्रविक्री बंद केली, पण बंदीत तेल नव्हतं, आणि टेक्साको कंपनी फ्रँकोला उधारीवर तेल देत राहिली.

उघडपणे मदत करणारा एकच देश होता, लासारो कार्देनासचा मेक्सिको. त्याने 20 हजार रायफली पाठवल्या. मन मोठं होतं, पण तेवढ्याने युद्ध जिंकता येत नाही.

उरला सोव्हिएत संघ. ऑक्टोबर 1936 मध्ये त्याचे रणगाडे आणि विमानं यायला लागली. त्याच महिन्यात कार्ताहेना बंदरातून 510 टन सोनं ओदेसाकडे रवाना झालं. देशाच्या साठ्यातला जवळपास पाऊण हिस्सा. माद्रिद त्या हिवाळ्यात पडलं नाही, यात सोव्हिएत शस्त्रांचा मोठा वाटा होता. पण ज्याच्याकडून काडतूस येतं त्याला दुखवता येत नाही. फेब्रुवारी 1936 च्या निवडणुकीत संसदेच्या 473 पैकी फक्त 17 जागा मिळवणारा कम्युनिस्ट पक्ष सैन्यात, पोलिसांत, सरकारात झपाट्याने वर चढला. सोव्हिएत सल्लागारांसोबत स्टॅलिनचे गुप्त पोलीसही आले होते. आता मे 1937 च्या त्या दुपारकडे परत या. एक्स्चेंजमध्ये शिरलेले पोलीस कॅटलोनियाच्या सरकारचे होते, त्यांचा प्रमुख कम्युनिस्ट होता. वरून झाडणारे अराज्यवादी कामगार होते, आणि रस्त्यावर पोऊम त्यांच्या बाजूने उतरली. वाद एका इमारतीचा दिसत होता, पण होता तो युद्ध आधी की क्रांती आधी याचाच.

कम्युनिस्टांचं म्हणणं सरसकट खोटं नव्हतं. विस्कळीत तुकड्यांनी आधुनिक सैन्याशी लढता येत नाही. पण युक्तिवादाची जागा लवकरच तुरुंगाने घेतली. काबायेरोने पोऊमवर बंदी घालायला नकार दिला आणि त्याचं पद गेलं. नवा पंतप्रधान हुआन नेग्रिनच्या काळात, जूनमध्ये, बंदी आली. निनला पकडलं आणि सोव्हिएत हेरांनी त्याला गुपचूप मारलं. आरोप होता फ्रँकोची हेरगिरी केल्याचा. मराठी वर्तमानपत्रांत आजही दिसणारा 'पंचमस्तंभी' हा शब्द याच युद्धातला. माद्रिदवर चार तुकड्या चालून येताहेत आणि पाचवी शहराच्या आतच आहे, असं वाक्य मोलाच्या नावावर सांगितलं जातं. आतल्या शत्रूची भीती खरी होती, म्हणूनच ती मित्रावर उलटवणं सोपं गेलं. पोऊमच्या तुकडीत लढताना गळ्यात गोळी लागलेला एक इंग्रजही या धरपकडीतून जेमतेम निसटला. त्याचा जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, लेखक म्हणून नाव जॉर्ज ऑरवेल.

नागपूरचे 'जॉन स्मिथ'

सरकारांनी हात झटकले तरी माणसं गेली. 50 हून अधिक देशांतले सुमारे 35 हजार स्वयंसेवक आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढले. भरती कम्युनिस्टांच्या हातात होती, पण येणारे सगळे कम्युनिस्ट नव्हते. मार्च 1937 मध्ये ग्वादालाहाराला मुसोलिनीच्या इटालियन सैन्यासमोर इटालियन स्वयंसेवकांची गारिबाल्डी बटालियन उभी होती. ध्वनिक्षेपकावरून ते आपल्याच भाषेत समोरच्यांना शस्त्रं टाकायला सांगत होते. त्या लढाईत मुसोलिनीची नामुष्की झाली.

ब्रिटिश बटालियनला आधी नाव दिलं होतं ते मुंबईत जन्मलेले कम्युनिस्ट खासदार शापुरजी सकलातवाला यांचं. या बटालियनमध्ये जॉन स्मिथ या नावाने एक जण दाखल झाले होते. खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार, नागपूरचे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह असलेले हे गृहस्थ लंडनला पत्रकारिता शिकायला गेले आणि तिथून स्पेनला पोचले. 1938 मध्ये गांदेसाच्या लढाईत ते पकडले गेले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात परदेशी कैद्यांसोबत त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटून मायदेशी आल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. 1938 च्याच जूनमध्ये जवाहरलाल नेहरू आणि कृष्ण मेनन बार्सिलोनाला जाऊन आले होते. स्पेनला गेलेले डॉ. मदनमोहनलाल अटल पुढे चीनला जाणाऱ्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, आणि त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते.

सप्टेंबर 1938 मध्ये नेग्रिनने आंतरराष्ट्रीय ब्रिगेड मागे घेतल्या. बदल्यात जर्मन-इटालियन सैन्य बाहेर काढायला जग भाग पाडेल, अशी त्याची आशा होती. काही दिवसांतच म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून दिला. जानेवारी 1939 मध्ये बार्सिलोना पडलं आणि जवळपास पाच लाख माणसं थंडीत पायी फ्रान्सच्या सीमेकडे निघाली. मार्चमध्ये माद्रिदला कर्नल कासादोने नेग्रिनविरुद्ध बंड केलं. त्याच्या सोबत अराज्यवादी होते, काही समाजवादी होते, समोर कम्युनिस्ट होते. फ्रँको वेशीवर असताना माद्रिदमध्ये प्रजासत्ताकाचे सैनिक पुन्हा एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

शेवटी उरलं आलिकान्ते बंदर. हजारो माणसं धक्क्यावर जहाजाची वाट बघत होती. स्टॅनब्रुक नावाचं एक ब्रिटिश मालवाहू जहाज संत्री आणि केशर न्यायला आलं होतं. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सनने धक्क्यावरची गर्दी बघितली, माल सोडून दिला आणि माणसं चढवली. 28 मार्चच्या रात्री 2,638 जणांना घेऊन ते जहाज, पाण्याची रेघ बुडेल इतकं भरून, अल्जीरियातल्या ओरानकडे निघालं. मागे राहिलेल्यांना दोन दिवसांनी घेरलं ते मुसोलिनीच्या सैन्याने. आठ महिन्यांनंतर, नोव्हेंबर 1939 मध्ये, जर्मन पाणबुडीने उत्तर समुद्रात स्टॅनब्रुक बुडवलं. डिक्सनसकट जहाजावरचं कुणीही वाचलं नाही.